लॅपटॉपला सॅस डिस्क : प्रयोगाची तिसरी नोंद

सॅस ही सर्व्हरमध्ये डिस्का जोडण्याची पद्धत; तशी डिस्क लॅपटॉपला जोडून काही मिळते का, हे पाहण्याचा हा प्रयोग. मागील नोंद संपली तेव्हा डिस्क फिरत होती, कंट्रोलर कार्डाला (डिस्क आणि संगणक यांना जोडणाऱ्या कार्डाला) ती दिसतही होती, पण लिनक्स तिच्यावर काहीच लिहू देत नव्हते. त्याचे कारण सापडले. ही डिस्क पूर्वी एका सर्व्हरच्या साठवण-संचात होती आणि तिचे सेक्टर, म्हणजे डेटा साठवण्याचे छोटे तुकडे, 512 ऐवजी 520 बाइटांचे होते. वरचे आठ बाइट असे संच स्वतःच्या पडताळणीसाठी राखून ठेवतात. कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) नोंदींत ‘अनसपोर्टेड सेक्टर साइझ 520’ अशी सरळ ओळ होती आणि ती मी दोन संध्याकाळी केबली बदलण्यात घालवल्यानंतर वाचली. एसजी-फॉरमॅट या प्रोग्रामने डिस्क 512 वर आणली. हे काम मध्येच तुटले तर पुन्हा पहिल्यापासून करावे लागते, म्हणून रात्री सुरू करून लॅपटॉपला सकाळपर्यंत हात लावला नाही.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी मांडणी थोडक्यात सांगतो. लॅपटॉपच्या एम.2 खाचेत (एसएसडी बसवण्याच्या जागेत) पीसीआय एक्सप्रेस या कार्डे जोडण्याच्या मार्गाच्या चार लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, बाहेर काढणारी पट्टी आहे, तिच्यावर आयटी मोडचे (डिस्का जशाच्या तशा संगणकाला दाखवणारे) फर्मवेअर घातलेले 9211-8आय हे सॅस कंट्रोलर कार्ड आहे आणि कार्डाला 600 जीबीची, मिनिटाला 10,000 फेऱ्यांची अडीच इंची सॅस डिस्क जोडली आहे. कार्ड मुळात आठ लेनचे, पण चार लेनवर ते विनातक्रार चालते. एका डिस्कसाठी तेवढ्या लेनही जास्तच आहेत. वीज मात्र डेस्कटॉपच्या पॉवर सप्लायमधून घ्यावी लागली, त्याची हिरवी तार काळ्या तारेला जोडून. टेबलावरच्या या पसाऱ्याला लॅपटॉप म्हणणे धाडसाचेच आहे.

डिस्क थेट लॅपटॉपच्या साटा (साध्या डिस्कांच्या जोडणीच्या) जागेत का बसत नाही, हे दोन्ही डिस्का शेजारी ठेवल्यावर लगेच कळते. साटा डिस्कच्या डेटा आणि वीज या दोन पट्ट्यांमध्ये एक मोकळी फट असते. सॅस डिस्कमध्ये ती फट प्लास्टिकने भरलेली असते आणि त्या पुलाच्या पाठीमागे दुसऱ्या पोर्टच्या बारीक पिना असतात. पूल कानसने घासून डिस्क बसवली तरी उपयोग नाही, कारण साटा कंट्रोलरला सॅसची भाषा येत नाही. उलट सॅस कंट्रोलरला साटा डिस्क चालते. शिवाय जाडीचा प्रश्न आहेच : ही डिस्क 15 मिलिमीटरची, तर लॅपटॉपमधील जागा 7 किंवा फार तर 9.5 मिलिमीटरची. लॅपटॉपची साधी डिस्क केवळ 5 व्होल्टवर चालते, हिला 12 व्होल्टही लागतात.

आता मुख्य प्रश्न. एवढ्या खटाटोपातून मिळाले काय? सलग वाचनाचा वेग सेकंदाला दोनशे मेगाबाइटच्या आतच राहिला, म्हणजे साटाच्या 6 गिगाबिटांनाही ही डिस्क पुरी पडत नाही; सॅसचे 12 गिगाबिट तर दूरच. विखुरलेल्या वाचनात फरक जाणवतो, कारण 10,000 फेऱ्यांना एक फेरी 6 मिलिसेकंदांत होते आणि 5,400 फेऱ्यांच्या डिस्कला 11 हून अधिक लागतात, पण हे श्रेय मोटरचे आहे, इंटरफेसचे नाही. सॅसची खरी ताकद वेगळीच आहे : एकाच डिस्ककडे दोन कंट्रोलरांमधून पोहोचता येणे, एक्सपांडर (एका जोडणीच्या अनेक जोडण्या करणारे यंत्र) लावून शेकडो डिस्का एका कार्डाखाली आणणे, दहा मीटरपर्यंतची केबल. यांपैकी एकही गोष्ट मांडीवरच्या यंत्राच्या कामाची नाही.

विजेचा हिशेब तर निरुत्तर करणारा आहे. कार्ड 10 वॉटच्या आसपास आणि डिस्क 6 वॉट धरली, तर 50 वॉट-अवरची बॅटरी केवळ या दोघांवर तीन तासांत संपेल. कार्डाचा हीटसिंक सर्व्हरच्या पंख्यांचा वारा गृहीत धरून बनवलेला असतो. मला त्यावर वेगळा पंखा टेकवावा लागला.

एक शंका मनात राहिली होती : सॅस नको, पण सर्व्हरची एनव्हीएमई डिस्क (थेट पीसीआय एक्सप्रेसवर चालणारी एसएसडी) घ्यावी का? तिच्यातील कपॅसिटर अचानक वीज गेल्यास बफरमधील डेटा लिहून काढतात, हा मोह मोठा आहे. मात्र लॅपटॉपला बॅटरीच्या रूपाने घरचाच यूपीएस असतो. एम.2 आकारातील अशा डिस्का बहुधा 110 मिलिमीटर लांब असतात आणि बहुतेक लॅपटॉपमध्ये 80 मिलिमीटरचीच जागा असते. यू.2 या अडीच इंची एनव्हीएमई प्रकाराला पुन्हा 12 व्होल्ट हवेत, म्हणजे तो पॉवर सप्लाय परत टेबलावर. त्यातच अशा अनेक डिस्कांना झोपेच्या कमी विजेच्या अवस्था नसतातच, कारण सर्व्हर झोपत नाही.

पट्टी काढून एम.2 खाचेत जुनी एसएसडी परत बसवली आहे. कार्ड आणि डिस्क डेस्कटॉपमध्ये हलवली असून तिथे ती बॅकअप घेते आहे. आवाज मात्र शेजारच्या खोलीतही येतो.