परसातली ब्लॅकपूल ट्राम: भेगा, काळी माती आणि गळका समुद्र

माझ्या परसातल्या छोट्या ट्रामच्या रुळांखालच्या काँक्रीटमधली, फेब्रुवारीत बुजवलेली भेग मे महिन्यात पुन्हा उघडली. तीही त्याच जागी नाही, बुजवलेल्या रेषेच्या बोटभर शेजारी. मी भरलेला मसाला जसाच्या तसा घट्ट होता, त्याला लागून असलेलं जुनं काँक्रीट फाटलं होतं. त्या दिवसापासून दसऱ्यापर्यंत काय काय केलं ते इथे सविस्तर लिहिते, कारण परसात रूळ टाकणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हे काम करावं लागणार आहे.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. घर निपाणीत, परसात सासऱ्यांच्या काळातली तंबाखूची वखार, आणि तिच्या दक्षिणेच्या भिंतीला लागून माझी लाईन, म्हणजे इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या ट्रामची छोटी प्रतिकृती. 45 मिमी गेज (दोन रुळांमधलं अंतर), 1:32 प्रमाण. 1435 मिमीला 32 ने भागलं की 44.8 येतात, म्हणून स्टँडर्ड गेजच्या ट्रामसाठी हेच प्रमाण मला पटलं. जोडमार्ग, काँक्रीटमध्ये बसवलेले पितळी रूळ, 1.2 मीटर लांब आणि 45 सेंमी रुंद असे 12 स्लॅब, जाडी 60 मिमी. एकूण 14.4 मीटर, म्हणजे खऱ्या मापात साधारण 460 मीटरचा समुद्रकाठ. स्लॅबच्या पुढे विटांचा 40 सेंमी रुंद हौद, तो माझा समुद्र. गाड्यांची चाकं बेळगावला उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये कातून घेतली आहेत.

ब्लॅकपूलच का, असं बरेच जण विचारतात. इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरची ही ट्राम 29 सप्टेंबर 1885 ला विजेवर सुरू झाली. वीज रस्त्याखालच्या नळीतून, वरच्या फटीतून घ्यायची अशी तिची मूळ रचना होती. भरतीच्या लाटा रस्त्यावर यायच्या, फटीत वाळू आणि खारं पाणी जायचं आणि वीज गळायची. शेवटी 1899 मध्ये तारा डोक्यावर नेल्या. समुद्राला इतकी चिकटून धावणारी आणि समुद्राशी इतकी वर्षं झगडणारी दुसरी ट्राम मला माहीत नाही. मुंबईची ट्राम 1964 ला बंद झाली, ती आमच्या घरात फक्त सासऱ्यांनी पाहिलेली. ही मात्र अजून धावते. 2012 मध्ये सगळा मार्ग नव्याने बांधून 32 मीटर लांबीच्या नव्या गाड्या आल्या, त्या माझ्या मापात बरोबर एक मीटरच्या होतात.

आता भेगा. मे महिन्यात मी आधी काहीच बुजवलं नाही. खडू घेऊन बसले आणि 12 स्लॅबवरच्या सगळ्या भेगा वहीत उतरवल्या. लांबी, दिशा, कुठून सुरू होऊन कुठे संपते ते सगळं. मग लहान हातोडीने प्रत्येक स्लॅब वीतभर अंतरावर ठोकत गेले. चांगल्या काँक्रीटचा आवाज टण येतो, आतून सुटलेल्याचा बद्द. हे काम सकाळी लवकर करा, रहदारीच्या आवाजात फरक कळत नाही. दोन तासांत लक्षात आलं की माझ्याकडे एक नाही, तीन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं म्हणजे केसभेगा, जवळजवळ सगळ्या स्लॅबवर. ओतल्यावर पाणी लवकर उडालं की पडतात तशा. नख अडकत नाही, आवाज टण. त्यांना हात लावला नाही.

दुसरं 5, 6 आणि 7 नंबरवर. तिरक्या भेगा, समुद्राच्या बाजूला रुंद आणि भिंतीकडे निमुळत्या होत गेलेल्या. फेब्रुवारीत मी बुजवलेली ती सातव्यावरची. तिसरं 9 नंबरवर. समुद्राच्या कडेपासून 5 सेंमीवर, कडेला समांतर एक सरळ भेग, तिच्या तोंडाशी तांबूस डाग आणि खाली बद्द आवाज.

तिरक्या भेगा अजून हलतायत की थांबल्यात हे कळल्याशिवाय पुढे जाण्यात अर्थ नव्हता. शाळेच्या प्रयोगशाळेत टाकायला काढलेल्या सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्या होत्या. तीन भेगांवर आडव्या ठेवून दोन्ही टोकं इपॉक्सीने चिकटवली आणि काचेवर मार्करने तारीख लिहिली. काच ताणत नाही, भेग जराशी उघडली तरी तडकते. आठ दिवस काही झालं नाही. मग एका संध्याकाळी वळिवाचा जोरदार पाऊस झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर सातव्यावरची काच बरोबर मधोमध तुटलेली, आणि दोन तुकड्यांच्या कडा एकमेकांपेक्षा वर-खाली. म्हणजे स्लॅब नुसता फाकत नव्हता, एक बाजू वर उचलली जात होती.

मेस्त्रींना बोलावून दाखवलं. त्यांनी काच पाहिलीच नाही, स्लॅबच्या कडेची माती उकरून चिमटीत चोळली. म्हणाले, "बाई, ही काळी जिमीन हाय. पाणी प्याली की फुगतीया, उन्हाळ्यात आत वढून घेतीया. वर तुमी कायबी वता, ती उचलणारच." त्यांच्याबरोबरचा गोकाककडचा मुलगा नुसतं "एरी मण्ण" म्हणाला आणि हसला. कन्नडमध्ये काळ्या मातीला एरी आणि तांबडीला मसारी म्हणतात. त्याच्या गावाकडे एरीत घर बांधताना पाया कुठवर न्यायचा हे पोराटोरांना ठाऊक असतं. मी मात्र सहा इंच खोदून, विटांचा चुरा टाकून वर काँक्रीट ओतलं होतं. उन्हाळ्यात आपल्याकडच्या शेतात पाय जाईल एवढ्या भेगा पडतात, ते लहानपणापासून बघत आले आहे, तरी परसातली माती तीच आहे हे ओतताना मनात आलं नाही.

पण प्रश्न राहिलाच. माती सगळ्या लाईनखाली काळी आहे, मग 5 ते 7 च का? आणि समुद्राच्याच बाजूने का?

इथे बादलीचा उपाय कामी आला. तळी बांधणारे वापरतात तोच. हौदाशेजारी पाण्याने भरलेली बादली ठेवली आणि दोन्हींत पाण्याच्या पातळीवर खूण केली. ऊन-वारा दोघांना सारखाच, त्यामुळे वाफ होऊन जाणारं पाणीही साधारण सारखंच असणार. चोवीस तासांनी बादली 6 मिमी उतरली होती. समुद्र 31 मिमी उतरला होता.

म्हणजे माझा समुद्र गळत होता. हौद रिकामा केला तेव्हा सहाव्या स्लॅबसमोर तळ आणि भिंत जिथे मिळतात तिथे गिलावा सुटलेला सापडला. वर्षभर तिथून पाणी झिरपून स्लॅबच्या पुढच्या कडेखालची माती ओली राहत होती आणि वखारीच्या भिंतीकडची कोरडी. एकाच स्लॅबखाली अर्धी माती फुगलेली, अर्धी आकसलेली. त्यात वळीव आला की फरक आणखी वाढायचा. असा हलता सांधा मी फेब्रुवारीत कडक सिमेंटने भरला होता. जिथे हालचाल आहे तिथे कडक मसाला भरला की हालचाल थांबत नाही, ती शेजारची कमकुवत जागा शोधते.

नवव्याचं कारण वेगळं निघालं आणि त्याचं मला जास्त वाईट वाटलं. हौदात डास होऊ नयेत म्हणून मी महिन्याला दोन किलो खडे मीठ टाकत होते. आणि नवव्या स्लॅबसमोर लहान पंप आहे, तो लाटेसारखं पाणी कडेवर उडवतो. छिन्नीने भेगेची कड उचलली तर आतली वेल्डमेश (लोखंडी जाळी) तपकिरी पापुद्र्यांसारखी हातात आली. काँक्रीट मुळात अल्कली असतं, त्यामुळे आतल्या लोखंडावर एक पातळ संरक्षक थर टिकून राहतो. मिठातलं क्लोराइड तो थर फोडतं, लोखंड गंजतं, आणि गंजाला मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा लागते. ती जागा तो वरचं काँक्रीट फोडून घेतो. सतत पाण्यात बुडालेल्या भागापेक्षा जिथे पाणी उडतं, वाळतं, परत उडतं, तिथे हे जोरात चालतं, कारण तिथे मीठही साठतं आणि हवाही मिळते. काँक्रीटच्या बांधकामाच्या आपल्या भारतीय मानकात, आयएस 456 मध्ये, समुद्राचे तुषार उडणाऱ्या काँक्रीटला लोखंडावर किमान 50 मिमी कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, सांगितलं आहे. माझं कव्हर जेमतेम 12 मिमी. आणि 60 मिमीच्या स्लॅबमध्ये 50 मिमी कव्हर देणं शक्यच नाही. तेव्हा नव्या कामात लोखंड घालायचंच नाही असं ठरवलं.

मृग तोंडावर होता. ओतायचं काम पावसाआधी संपवलं, स्लॅबमधले सांधे मात्र मुद्दाम पावसानंतर भरायला ठेवले.

आधी समुद्र. हौदाचा सुटलेला गिलावा पूर्ण काढला, कोपऱ्यात गोलाई देऊन वॉटरप्रूफिंग पावडर घातलेला नवा गिलावा केला, वर सिमेंट-पॉलिमरचे दोन हात. पुन्हा बादली ठेवली, दोन्हीकडे 5 मिमी. तेव्हा कुठे स्लॅबना हात लावला.

5, 6, 7 फोडून काढले. रूळ आधी सोडवून दोरीने भिंतीला बांधून ठेवले, ते वाचले. काळी माती दीड फूट खोल उपसली आणि तिच्या जागी मुरूम, साधारण 10 सेंमीच्या थरांत. प्रत्येक थर ओला करून धुम्मस. पहिला थर मी नीट बसवला असं वाटलं होतं, मेस्त्रींनी टाच दाबून दाखवली तर खळगा पडला, परत ठोकला. वर प्लास्टिकचा कागद, मग काँक्रीट. सिमेंट, वाळू, खडी 1:1.5:3, खडी बारीक, वाळू म्हणून क्रश सँड, आणि जाळीऐवजी पॉलिप्रॉपिलीनचे तंतू. तिन्ही स्लॅबना मिळून एक पोतं सिमेंट पुरलं. पाणी पोत्याला 25 लिटरच्या वर जाऊ दिलं नाही, मेस्त्रींच्या मते माल "लई कोरडा" होता, पण वाद न घालता त्यांनी सळईने नीट कोचून घेतला. गोणपाट टाकून 14 दिवस दोन वेळा पाणी. आपण वापरतो ते पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट सावकाश ताकद धरतं, सात दिवसांत थांबू नका.

8 ते 10 च्या समुद्राकडच्या कडा 15 सेंमी आतपर्यंत कापून काढल्या. आठ आणि दहा वरून चांगले दिसत होते, तरी कापले. फक्त गंजलेला तुकडा काढून तिथे नवा मसाला भरला की भोवतीच्या खारट काँक्रीटमधलं लोखंड उलट जोमाने गंजू लागतं. कापलेल्या तोंडावर उघडी पडलेली जाळीची टोकं तारेच्या ब्रशने चकचकीत होईपर्यंत घासली, त्यांवर झिंकचा प्रायमर, जुन्या काँक्रीटला एसबीआर लेटेक्स (रबरी चिकट द्रव) आणि सिमेंटची स्लरी, आणि ती बोटाला चिकटत असतानाच नवा माल. स्लरी वाळू दिली तर ती चिकटवत नाही, उलट मध्ये पापुद्रा तयार करते. दहाव्याच्या वेळी फोन आला, मी उठले आणि नेमकं तेच झालं. सगळं खरवडून पुन्हा केलं.

रुळांचं एक. पितळ काँक्रीटच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. 14.4 मीटरवर 30 अंशांचा फरक पडला तर पितळ साधारण 8 मिमी वाढतं, काँक्रीट 4 ते 5. माझे सगळे सांधे डाग देऊन पक्के केलेले होते. आता दर दुसऱ्या स्लॅबच्या जोडावर रुळालाही सरकता सांधा दिला आहे आणि विजेसाठी खालून लवचीक वायर. खऱ्या ट्रामच्या रुळांना काँक्रीटमध्ये बसवताना रबरासारख्या आवरणात गुंडाळतात, कंप कमी व्हावा आणि वीज जमिनीत गळू नये म्हणून. मी सायकलची जुनी ट्यूब उभी चिरून रुळाच्या दोन्ही अंगांना बसवली. आधी पावसात ओल्या काँक्रीटमधून एका रुळातून दुसऱ्यात वीज गळायची आणि गाडी रेंगाळायची. यंदा जुलैच्या झडीत नवव्या स्लॅबवर गाडी उन्हाळ्यासारखी धावली. मला या सगळ्या कामात याचाच आनंद सर्वांत जास्त झाला.

सप्टेंबरच्या शेवटी सांधे भरले. सकाळच्या गारव्यात जोड किंचित रुंद असतो, दुपारच्या उन्हात किंचित अरुंद. मधल्या वेळी, साडेनऊच्या सुमारास भरायला घेतले. आत फोमची दोरी, वर 6 मिमी पॉलियुरेथेन सीलंट. दोरी नुसती जागा भरायला नसते, सीलंट तळाला चिकटू नये म्हणून असते. तो फक्त दोन बाजूंना चिकटला तरच मोकळा ताणतो.

हौदात आता मीठ नाही, गप्पी मासे आहेत. नव्या गिलाव्याचं पाणी तीनदा बदलून, महिनाभराने सोडले. डास नाहीत.

दसऱ्याला रुळांना हळदकुंकू लावून दोन्ही गाड्या काढल्या. दुमजली गाडी, ब्लॅकपूलच्या 1934 च्या ‘बलून’ नावाच्या गाडीवरून केलेली, सातव्यावरून गेली तेव्हा मी कान जोडाला लावून बसले होते. पूर्वी तिथे खट् व्हायचं. आता चाक जोडावरून गेल्याचं नुसतं कळतं. गेज सगळीकडे 45 च्या आत-बाहेर पाव मिमी. परतीचा पाऊस दोनदा झाला, 5, 6, 7 वरच्या नव्या काचपट्ट्या अखंड आहेत.

राहिलेलं काम: 1 ते 4, 11 आणि 12 मध्ये जुनी जाळी तशीच आहे आणि वर्षभराचं मीठही. त्यांत 11 च्या कडेला कालच ठोकून पाहिलं, एका जागी आवाज टण आणि बद्दच्या मधला वाटला. तिथे काच चिकटवून तारीख लिहिली आहे.