आमची वाटचाल : लाल १९चा हिशेब

सुरुवातीला आमच्या जुन्या टपाल-पाकिटांच्या व्यवसायात मालाचा भाव तिकिटावर ठरायचा. चारही कडांना नीट जागा, शिक्का हलका, रंग उतरलेला नाही, की किंमत चढी. अटलांटिक ओलांडून गेलेली जुनी पाकिटं लिलावाच्या लॉटमध्ये येऊ लागली आणि ही पद्धत मोडीत काढावी लागली. या पाकिटांवर तिकीट हा दुय्यम ऐवज. खरा ऐवज म्हणजे दोन देशांतला हिशेब दाखवायला टपाल कारकुनाने उमटवलेला आकडा.

अमेरिका आणि ब्रिटनमधला टपाल करार डिसेंबर १८४८चा. अंमल फेब्रुवारी १८४९पासून. अर्ध्या औंसापर्यंतच्या पत्राला २४ सेंट, ब्रिटनमधून एक शिलिंग. त्या २४ची फोड अशी: अमेरिकेतला प्रवास ५, समुद्राचे १६, ब्रिटनमधले ३. समुद्राचे १६ ज्याच्या कराराची आगबोट त्याचे. म्हणून अमेरिकेत पैसे भरलेलं पत्र क्युनार्ड या ब्रिटिश कंपनीच्या बोटीने गेलं, तर ब्रिटनच्या नावे १९ जमा. कॉलिन्ससारख्या अमेरिकन बोटीने गेलं, तर फक्त ३. पैसे न भरता पाठवलेल्या पत्रावर उलट मांडणी: अमेरिकेचं येणं ब्रिटिश बोटीला ५, अमेरिकन बोटीला २१. भरलेल्या पत्रावरच्या आकड्याची शाई लाल, येण्याच्या आकड्याची काळी. पैसे भरायचे तर पूर्ण. अर्धवट भरले तर ते बुडाले. एवढं पाठ झालं की निम्मी फसवणूक टेबलावरच उघडी पडते.

नमुन्यादाखल बॉस्टनहून लिव्हरपूलला गेलेलं १८५०च्या दशकातलं एक निळ्या कागदाचं घडीपत्र, म्हणजे कागदाचीच घडी घालून वर पत्ता लिहिलेलं पत्र, घ्या. उजवीकडे १२ सेंटच्या काळ्या तिकिटांची जोडी, मधोमध लाल १९. जोडी का? २४ सेंटचं तिकीटच १८६०पर्यंत निघालं नव्हतं. तेव्हा १८५७च्या पाकिटावर २४चं एकच तिकीट दिसलं, तर ते नंतर चिकटवलेलं. १८६०चं तिकीट तर आणखी नाजूक प्रकरण. यादवी युद्ध सुरू झालं आणि १८६१च्या ऑगस्टपासून जुनी तिकिटं बाद होत गेली, म्हणजे त्याला आयुष्य मिळालं जेमतेम वर्षभराचं. पाकिटावर ते दुर्मिळ, म्हणूनच बनावटीचा मोह जास्त. फरक कडेच्या छिद्रांत: आधीच्या मालिकेत दोन सेंटिमीटरला सुमारे १५, त्याच्या जागी आलेल्या १८६१च्या तिकिटात १२. मापपट्टी लावा, डोळ्यावर विसंबू नका.

वजनाचे टप्पेही मेहेरबानी करून पाहा. पहिल्या वर्षांत २४, ४८ आणि मग एकदम ९६. मध्ये ७२चा टप्पा नव्हता. ७२ सेंटची तिकिटं लावलेलं १८५०च्या दशकातलं पाकीट ‘तिप्पट दर, अतिदुर्मिळ’ म्हणून कोणी दाखवलं, तर आम्ही ते हातात घेऊन परत देतो.

तपासणीचा क्रम आता ठरलेला आहे: आधी तारीख, मग बोट, मग आकडा, तिकीट सगळ्यात शेवटी. न्यूयॉर्कचा रवानगीचा शिक्का साधारणपणे बोट सुटण्याच्या दिवसाचा असतो. आगबोटीला पार जायला दहा-बारा दिवस लागत. पाठीमागचा लंडनचा शिक्का पाचव्या दिवसाचा असेल तर काहीतरी शिजलंय. म्हणून पाठीचा स्कॅन नसेल तर आम्ही बोली लावत नाही. पेनाने रद्द केलेलं तिकीट धुवून नवा शिक्का मारलेला असेल, तर शाईची रेघ अतिनील दिव्याखाली बऱ्याचदा परत दिसते. मोठ्या किमतीच्या मालाला तिकिटांचा अस्सलपणा तपासणाऱ्या न्यूयॉर्कच्या फिलाटेलिक फाउंडेशनचं प्रमाणपत्र घ्यावंच. ती फी खर्च धरू नये, खरेदीचाच भाग धरावा.

नवे ग्राहक एका जागी हमखास अडकतात. १८६३नंतर अमेरिकेत आलेल्या बिनभरण्याच्या पत्रांवर दोन आकडे दिसतात. लोकांना वाटतं दर दुप्पट झाला. तसं नाही: एक आकडा नाण्यातला, दुसरा भाव उतरलेल्या कागदी नोटांतला, आणि तो रोजच्या भावाप्रमाणे बदलायचा. आम्हाला स्वतःला ही पाकिटं २४च्या सुबक तिकिटापेक्षा जास्त आवडतात.

इकडचा, महाराष्ट्राचा धागा लागतो तो अमेरिकन मराठी मिशन या ख्रिस्ती मिशनच्या पत्रांत. अहमदनगरला हे मिशन १८३१पासून. बॉस्टनला जाणारं पत्र मुंबईहून सुएझ, मग मार्सेलमार्गे किंवा साउदॅम्प्टनमार्गे इंग्लंडला आणि तिथून अटलांटिकपार. मार्सेलची वाट जलद पण महाग, आणि दर पाव औंसाच्या टप्प्यांनी, म्हणून कागद पापुद्र्यासारखा. असं घडीपत्र आम्ही एकदाच उलगडतो, ६०० डीपीआयवर स्कॅन करतो आणि पुन्हा उघडत नाही. लोहयुक्त शाईने घडीवरचा कागद आधीच खाल्लेला असतो. चार ग्राहकांना उघडून दाखवलं की चार तुकडे.

पावसाळ्यात आर्द्रता ४५ ते ५५ टक्क्यांत राखायची. पॉलिएस्टरचे पाऊच, पीव्हीसी अजिबात नाही. पीव्हीसीतलं मऊपणाचं रसायन कागदात उतरतं. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. सिलिका जेल दर पंधरवड्याला तापवून परत. तांबूस ठिपके दिसले तर ते पाकीट आधी वेगळं करावं, धुण्याचा विचारही करू नये: डागासोबत लाल १९ पण जातो.