दार्लाघाटचे आंबट दाणे

शिमल्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मॉल रोडवर गर्दी, हॉटेलात गार पाणी. निघालो तेव्हा बरं वाटलं.

बिलासपूरच्या रस्त्यावर दार्लाघाटच्या अलीकडे सिमेंटच्या ट्रकांनी वाट अडवली. घाटात ट्रकांमागे ताटकळणं म्हणजे शिक्षाच. चहाला उतरले, तर टपरीमागच्या ओसरीवर एक अम्माजी आणि त्यांची सून परातीत डाळिंबं सोलत होत्या. लिंबाहून जरा मोठी, असतील नसतील एवढीच. मी सोलापूरची, भगवा जातीच्या डाळिंबांच्या बागेत वाढलेली. आमच्या मार्केट यार्डात असल्या मालाला कुणी क्रेटसुद्धा देणार नाही.

"खाओ बेटी." खाल्ले. दात असे आंबले की डोळ्यांतून पाणी आलं. सासू-सून पोट धरून हसल्या.

हा दाडू, रानडाळिंब. कुणी लावत नाही, पाणी घालत नाही. कोरड्या, दगडाळ उतारांवर काटेरी झुडपं आपली आपण वाढतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात फळं काढायची, दाणे सोडवून छपरावर वाळवायचे, की झाला अनारदाना. छोल्यांत, चटणीत, चूर्णात पडतो तोच.

अम्माजींची बोटं काळी पडली होती. डाळिंबाच्या सालीचा हा डाग साबणाला दाद देत नाही, घरी अनुभव आहे. पण आमची डाळिंबं गोड. इथे कातडीला पडलेल्या चिरांत आंबट रस शिरतो. वाळवताना पाऊस आला की दाणा काळवंडतो आणि व्यापारी भाव पाडतो. लाल दाण्याला एक भाव, काळ्याला दुसरा, सोलायची मेहनत मात्र तेवढीच. ऐकून माझाच संताप झाला. सोलनजवळच्या नौणी विद्यापीठाने यंत्रात दाणे वाळवण्यावर बरंच काम केलंय, हे मी जरा शहाणपणाने सांगितलं. "और बिजली का बिल?" सुनेने मान वर न करता विचारलं.

मग पुदिना, हिरवी मिरची, मीठ आणि अनारदाना पाट्यावर वाटून मक्याच्या रोटीबरोबर पुढे आलं. शिमल्यातली सगळी जेवणं त्यावरून ओवाळून टाकावीत. पैसे विचारले तर अम्माजी रागावल्या. पाव किलो अनारदाना विकत मागितला, तेव्हा मात्र काटा काढून काटेकोर तोलला आणि खणखणीत भाव लावला. बेटी-बिटी काही नाही. मी घासाघीस केली नाही.