लेजर एक्सेलमध्ये मिळेल का?

आमच्या कॉलेजचा टीवाय बीकॉमचा निकाल दरवर्षी चांगला लागतो. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकला तोच आकडा जातो, गेटवरच्या फ्लेक्सवरही तोच. पण टीवायपर्यंत उरतात किती? एफवायला वर्गात बाक पुरत नाहीत आणि टीवायला मागच्या रांगा रिकाम्या, हे स्टाफरूममध्ये सगळ्यांना ठाऊक. मधली मुलं कुठली, कशाला अडून गेली, हे मात्र कुणालाच सांगता येईना. "लग्न झालं असेल", "कामाला लागला असेल" एवढ्यावर विषय संपायचा.

आयक्यूएसीचं, म्हणजे कॉलेजच्या अंतर्गत गुणवत्ता कक्षाचं, काम गळ्यात पडल्यावर मी ठरवलं, की २०२४-२५ ची एफवायची बॅच, म्हणजे संलग्न कॉलेजांत नवीन शैक्षणिक धोरण आलं ती पहिली बॅच, नावनिशीवार बघायची. प्रवर्ग, मुलगा की मुलगी, गाव, शिष्यवृत्ती, हजेरी, पेपरवार मार्क, सगळं एका मुलाचं एका ओळीत. माहितीचा दुष्काळ नाहीच मुळी. एआयएसएचईचं, म्हणजे केंद्राचं उच्च शिक्षणाचं, सर्वेक्षण २०१०-११ पासून चालू आहे, त्यात प्रवर्गवार आणि लिंगवार संख्या आपण दरवर्षी इमानेइतबारे भरतो. पण तिथे नुसती डोकी मोजायची असतात. यंदाचं डोकं गेल्या वर्षीचंच का, हे त्यातून कळत नाही.

प्रवेशाची फाइल ऑफिसने दिली, शिष्यवृत्तीची यादी महाडीबीटीच्या, म्हणजे राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलच्या, कॉलेज लॉगिनमधून निघाली, हजेरी विभागाकडे होतीच. अडलं ते मार्कांवर.

विद्यापीठ निकालाचं लेजर, म्हणजे सगळ्या मुलांच्या मार्कांची यादी, कॉलेज लॉगिनला टाकतं ते पीडीएफमध्ये. एकेका मुलाचा चार-पाच ओळींचा ठोकळा: सीट नंबर, आडनाव आधी घेऊन पूर्ण नाव, शेवटी आईचं नाव, खाली विषयांचे कोड, त्याखाली अंतर्गत आणि लेखीचे मार्क. ग्रेस दिले असतील तर आकड्याला चिकटून एखादं चिन्ह. हे कॉपी करून एक्सेलमध्ये टाकलं, की एका मुलाचे मार्क दुसऱ्याच्या नावापुढे जाऊन बसतात, आणि चिन्ह चिकटलेला आकडा आकडा राहतच नाही, त्याची बेरीज होत नाही. म्हणून प्राचार्यांचं पत्र घेऊन मी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात गेले.

"भाऊसाहेब, हेच लेजर एक्सेलमध्ये मिळेल का?"

"मॅडम, लॉगिनला आहे की."

"ते पीडीएफ आहे."

"मग तेच लेजर. एक्सेल आम्ही देत नाही, कुणी आकडे बदलले म्हणजे?"

आता, मी माझ्या कॉम्प्युटरवर आकडे बदलले तर विद्यापीठाच्या निकालाला काय धक्का बसणार होता, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पत्रावर उद्देश लिहा म्हणाले, लिहिला. आवक क्रमांक घ्या म्हणाले, घेतला. पुढच्या खेपेला टेबलावर दुसरे गृहस्थ. त्यांनी पत्र उलटसुलट करून विचारलं, "नॅकसाठी आहे का?" नाही म्हटल्यावर त्यांचा रसच संपला. (टीप, आठवली तशी सांगते: नॅकसाठी आहे असंच सांगा. खोटंही नाही, कुठल्या ना कुठल्या निकषात ते बसतंच.) "वरून मंजुरी लागेल" या वाक्यानंतर पत्र कुठे गेलं, ते आवक रजिस्टरलाही माहीत नव्हतं. त्या जिन्यावर चढताना अजूनही माझं डोकं तापतं. आपल्याच मुलांचे, आपल्याच कॉलेजचे मार्क, आणि आपणच अर्जदार!

शेवटी संगणकशास्त्राच्या एका तरुण सहकाऱ्याने छोटा प्रोग्रॅम लिहून पीडीएफमधले ठोकळे सोडवले. तुमच्याकडे असा कुणी असेल तर विद्यापीठाच्या जिन्याआधी त्याच्याकडे जा. चहा आपल्याकडून.

मग दुसरा खोडा. आमचा पीआरएन, म्हणजे मुलाचा विद्यापीठातला कायमचा नोंदणी क्रमांक, सोळा आकडी, आणि एक्सेल संख्येचे पंधराच आकडे धरून ठेवतं, सोळावा शून्य करून टाकतं. ऑफिसमध्ये प्रवेशाची फाइल कुणीतरी डबलक्लिक करून उघडली, सेव्ह केली, आणि सगळे पीआरएन शून्याने संपायला लागले. पीआरएन क्रमाने दिलेले असतात, त्यामुळे ओळीने दहा-दहा मुलांचा नंबर एकच झाला. एक्सेलला त्या नंबरावरून मार्क शोधायला लावले तर दहाही जणांना एकाच मुलाचे मार्क. तक्ता मात्र काय देखणा! माझ्या वर्गातला, अकाउंटन्सीत नापास झालेला मुलगा त्यात पास दिसला, म्हणून पकडलं गेलं. गेलेला आकडा परत येत नाही, फाइल सॉफ्टवेअरमधून नव्याने काढावी लागते. तेव्हा पीआरएनचा रकाना आधी टेक्स्ट करा, मग फाइल आत घ्या. आणि सीट नंबरवर जोडाजोडी करू नका, तो दर सेमला बदलतो.

जोडणी झाल्यावर खरं काम एका बसणीत झालं. पहिल्या सेमला अकाउंटन्सीत एसटी आणि एनटी प्रवर्गातली मुलं बरीच मागे दिसली. मीटिंगमध्ये लगेच "बेसिक कच्चं असतं हो" सुरू झालं. मी गावाचा रकाना लावला. कॉलेजच्या गावातच राहणाऱ्यांत प्रवर्गाचा फरक जवळपास दिसेना. मागे होती ती बसने येणारी, कुठल्याही प्रवर्गाची, आणि त्यांत आदिवासी पाड्यांवरची जास्त. अकाउंटन्सीचा तास सकाळी ७.२० चा, आणि त्या बाजूची पहिली गाडी त्यानंतर येते. हजेरीपटात ते वर्षभर लिहिलेलं होतं. तास आता तिसरा झालाय, सरांनी थोडी कुरकुर केली.

दुसऱ्या सेमचा फॉर्मच न भरलेल्या मुलांतल्या काहींचा महाडीबीटीचा अर्ज दुरुस्तीसाठी परत आलेला होता. त्यांना पत्ताच नाही, कारण अर्जात मोबाइल नंबर सायबर कॅफेवाल्याचा.

एक सांगायचं राहिलं: प्रवर्गाची दोन वर्षांची तुलना जपून करा. फेब्रुवारी २०२४ मध्ये एसईबीसी, म्हणजे मराठा आरक्षणाचा, कायदा आल्यावर आधी ईडब्ल्यूएसमध्ये (आर्थिक दुर्बल घटकांत) दिसणारी बरीच मुलं एसईबीसीत गेली. ईडब्ल्यूएस घटले म्हणून कुणी गळाले असं होत नाही. शिवाय दाखला हातात नसलेला मुलगा ऑफिसात "ओपन" म्हणून नोंदला जातो. आणि एखाद्या प्रवर्गात दोनच मुलं असतील तर तो तक्ता स्टाफ मीटिंगमध्ये लावू नका, नाव नसलं तरी सगळे ओळखतात.

यंदाच्या प्रवेशअर्जात "कॉलेजला कसे येता" आणि "पहिली गाडी किती वाजता पोचते" असे दोन रकाने घालून घेतले. ऑफिसचे मुख्य, म्हणजे ओएस, म्हणाले, फॉर्म दुसऱ्या पानावर जातो. म्हटलं, जाऊ दे.