५ नोव्हेंबर २०२५. अमेरिकी सरकारच्या शटडाऊनचा आज ३६वा दिवस

आईला पुण्याला परत पाठवायला आज वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळावर गेले होते. व्हीलचेअर असल्यामुळे मला गेट पास मिळाला आणि तिच्यासोबत आत जाता आलं. सिक्युरिटीला टीएसएच्या, म्हणजे विमानतळावर तपासणी करणाऱ्या सरकारी खात्याच्या, एक बाई होत्या. आईला इंग्रजी येत नाही हे कळल्यावर त्यांनी खुणेने विचारून, अगदी हलक्या हाताने तपासणी केली. आई त्यांना मराठीतच म्हणाली, "सुखी राहा गं बाई."

त्यांना सध्या पगार मिळत नाहीये, हे मी आईला पुढे गेल्यावर सांगितलं.

"अगं, मग ती कामावर कशाला आली?"

यावंच लागतं, आई. १ ऑक्टोबरपासून शटडाऊन आहे, म्हणजे निधी मंजूर न झाल्यामुळे सरकारचं बरंच कामकाज ठप्प आहे. २०१८-१९चा ३५ दिवसांचा विक्रम आज मोडला. २०१९च्या कायद्याने सरकारी कर्मचाऱ्यांना थकलेला पगार नंतर मिळतो, हे खरं. पण घरभाडं, पाळणाघर, औषधं 'नंतर'वर चालत नाहीत. आणि सरकारी इमारतींत झाडलोट करणाऱ्या कंत्राटी माणसांना तर तो कायदा लागूच नाही. त्यांचे दिवस गेले ते गेलेच! काँग्रेसच्या, म्हणजे इथल्या संसदेच्या, सदस्यांचा पगार मात्र चालू. मला याचा मनापासून राग येतो. निधी मंजूर होवो न होवो, राबणाऱ्याचा पगार वेळेवर झालाच पाहिजे, कंत्राटी कामगारांचासुद्धा. तसा कायदा हवा, आणि आमच्या खासदारांना मी आज रात्रीच तसं लिहिणार आहे.

विमानात बसल्यावर आईचा फोन आला. "त्या बाईंना कधी मिळेल गं पगार?"