मागे न येणारी गाडी

"दादा, एकच गाडी घेणार. वाळूत बी पळाली पाहिजे आणि डोंगरात बी. कुठली घेऊ, सांगा."

गडी कोल्हापूरचा. दुबईत कुठल्याशा बँकेत कॉम्प्युटरचं काम करतो. मी चिपळूणचा, शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात क्वाड, म्हणजे चार चाकांच्या मोटरसायकली, दुरुस्त करतो. माझं मराठी ऐकलं आणि तो इंग्रजी सोडून थेट गावच्या बोलीत उतरला. महिना नोव्हेंबर. उन्हाळाभर ताडपत्रीखाली पडलेल्या गाड्या एकदम बाहेर निघालेल्या आणि प्रत्येकाला शुक्रवारपर्यंत हवी. अशा गर्दीत मी त्याला चहा पाजला, एवढ्यावरून तो किती गोड बोलत होता ते समजा.

हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो. अल बदायरचा तो लाल वाळूचा डोंगर आणि हट्टाकडचे हजर पर्वताचे खडक, दोन्ही एकाच रस्त्यावर. त्यामुळे लोकांना वाटतं, सकाळी हे, दुपारी ते. पण तिथली वाळू म्हणजे मुरुड-कर्द्याची ओली वाळू नव्हे, जिच्यावर पुण्याची मंडळी अल्टो घालतात (आणि भरती आली की ट्रॅक्टर शोधत फिरतात). ड्यूनची, म्हणजे वाळूच्या टेकडीची, वाळू पिठासारखी. तिच्यात गाडी थांबली की रुतली. इंजिन सतत चढं लागतं, मागे वल्ह्यासारख्या पट्ट्यांचे पॅडल टायर लागतात. खडकात सगळं उलटं. तिथे हळू जायचं, खालच्या आरपीएमला ताकद हवी, पोटाखाली जाड पत्रा हवा. शिवाय स्पोर्ट क्वाडला मागे एकच सलग ॲक्सल. डिफरन्शिअल नाही, दोन्ही चाकं एकत्र फिरतात. वेगात ती झोकात वळते, पण हळू चालवताना नाक सरळच ठेवते. अंग टाकून वळवावी लागते.

आमच्याकडे तेव्हा दोन जुन्या गाड्या विकायला होत्या. एक यामाहा रॅप्टर ७००, एक वायएफझेड ४५०आर. रॅप्टरचं इंजिन ६८६ सीसीचं, एकच मोठा पिस्टन, खालूनच ओढणारं. ४५० ही जातीची रेसची गाडी. वरच्या आरपीएमला किंचाळते, खालच्याला मान टाकते. रॅप्टरपेक्षा सातेक सेंटिमीटर रुंद, म्हणून वळणावर घट्ट बसते. आणि ४५०ला रिव्हर्स गिअर नाही. रॅप्टरला आहे.

हे रिव्हर्सचं मी त्या दिवशी त्याला बोललो का, ते मला आठवत नाही. लिहायला बसलोय ते त्यासाठीच.

जे केलं ते मात्र बारीकसारीक आठवतं. जुनी क्वाड तपासायची माझी पद्धत आहे. मागचा भाग उचलून चाक फिरवायचं आणि रिमशेजारी खडू धरायचा. खडू एकाच जागी घासला तर ॲक्सल वाकलेला. पुढचं चाक वरून-खालून धरून हलवायचं, बॉल जॉइंट टकटकला की किंमत तिथेच कमी. मग सीट काढायची, एअर बॉक्स उघडायचा, फिल्टर बाहेर काढायचा. फिल्टर कोणीही विकायच्या आदल्या दिवशी धुतो, त्याच्याकडे मी बघतच नाही. मी फिल्टरच्या पलीकडच्या रबरी नळीत बोट घालतो, आतून फिरवतो आणि ते बोट पुढच्या दातांवर घासतो. आमचा मल्याळी पोरगा तोंड फिरवतो. पण बारीक वाळू डोळ्याला दिसत नाही, दातांना लगेच कळते. नळीत वाळू म्हणजे इंजिनाने वाळू खाल्लेली. रिंगा झिजलेल्या, सिलिंडरवर उभ्या रेघा.

रॅप्टरचं बोट दातांत करकरलं. ४५०चं लोण्यासारखं गुळगुळीत. फिल्टरच्या काठाला ग्रीससुद्धा लावलेलं, म्हणजे आधीचा मालक शहाणा. अशी गाडी या गावात वर्षातून एखादीच हाताला लागते. मी हरखलो. त्याला म्हणालो, "साहेब, ही घ्या. इंजिन नवं आहे असं समजा." आमचे मालक गाड्या सीसीवर विकतात, ते रॅप्टरच पुढे करत होते. त्यांच्या विरोधात जाऊन मी गिऱ्हाईकाचं भलं केलं, याचा मला दोन दिवस अभिमान होता.

जोडीला दुसरा रिमचा सेट दिला. वाळूसाठी पॅडल, खडकासाठी गोट्याचे, म्हणजे जाड गाठींचे, टायर. चेनचं पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे दातेरी चाक, एक दात लहान टाकलं, म्हणजे खडकात जरा हळू चालेल. पोटाखाली ॲल्युमिनियमचा पत्रा लावायला त्याला कसंबसं तयार केलं. एलईडी दिव्यांचे पैसे मात्र त्याने घासाघीस न करता मोजले. सगळेच मोजतात.

जानेवारीतल्या एका शनिवारी दुपारी अडीचला त्याचा फोन. "दादा, अडकलोय. पाय गाडीखाली आला होता. आता काढलाय, पण टेकवत नाय." ९९९ ला, म्हणजे पोलिसांना, फोन केला का विचारलं, तर म्हणे, "नको, गाडी जप्त करतील." मी त्याला शिव्या घातल्या, त्याने ऐकून घेतल्या. लोकेशन आलं. पोराला घेतलं, हायलक्स पिकअप काढली.

रस्ता संपल्यावर वादीतून अर्धा तास चाललो. वादी म्हणजे कोरडी नदी. पहिल्या वर्षी मला कोणी वादीत जाऊ म्हटलं की आमची वाडीच आठवायची. इथे सावली नावालाही नाही. दोन धोंड्यांच्या मधल्या फटीत गाडीचं तोंड घुसलेलं. डाव्या पुढच्या चाकाला धरणारा आर्म एका खडकाच्या ओठाखाली गुंतलेला, चेन आणि मागच्या स्प्रॉकेटच्या मध्ये लिंबाएवढा दगड. मागे पॅडल टायर तसेच! आदल्या संध्याकाळी ड्यूनवर गेला होता, बदलायचे राहिले. चार-चार नटांचं काम. उजव्या टायरच्या दोन पट्ट्या मुळापासून फाटून लोंबत होत्या.

त्याचा मित्र पुढे निघून गेलेला, अर्ध्या तासाने परतला. तोवर याने काय केलं? उतरला, क्लच दाबून धरला आणि गाडी हाताने मागे ओढायला लागला. पेट्रोल-ऑइलसकट तिचं वजन १८० किलोच्या वर. जमीन मागे उतरती. गाडी एकदम थोडी मागे सरकली. मागच्या चाकाने त्याला खाली घेतलं.

आम्ही आधी त्याला उचलून सावलीला नेलं, पाणी दिलं. घोट्याचं हाड मोडलेलं, हे नंतर एक्स-रेत दिसलं. गाडी दोघांनी मागच्या दांड्याला धरून उचलली, टप्प्याटप्प्याने आडवी सरकवली, दगड हातोडीने ठोकून काढला. पाऊण तास गेला. रिव्हर्स असता तर सुरुवातीलाच गिअर टाकून मागे यायचं, एवढंच काम होतं.

वर्कशॉपमध्ये सगळ्यांनी निकाल लावला, पॅडल टायर घालून खडकात गेला, भोगणारच. मालक तर खूशच, आमच्यावर काही येत नाही. मीही मान हलवली. पण फट होती तेवढीच होती. गोट्याचे टायर असते तरी तो तिथेच अडकला असता, आणि मागे यायला तिला गिअरच नव्हता. ४५० वाईट नाही. ट्रॅकवर आणि मोकळ्या ड्यूनवर तिच्यासारखी नाही, कारण तिथे मागे यायचा प्रसंगच येत नाही, गोल फिरून येतात. मी इंजिन निवडलं. हा माणूस शनिवारी कोणाबरोबर जातो, मित्र मागे वळून बघणारा आहे का, हे मी विचारलंच नाही. कदाचित रिव्हर्सचं बोललोही असेन, चहा पिताना, उडत उडत. त्याला विचारलं तर म्हणतो, "बोलला असाल की दादा, मलाच ध्यानात नसंल." हे ऐकून जास्तच टोचतं.

ती रॅप्टर अजून गेलेली नाही. मागच्या आठवड्यात मी तिचं इंजिन उघडलं. अपेक्षेप्रमाणे सिलिंडरवर नखाला लागतील अशा रेघा. आतून मुलामा असतो, त्यामुळे साधं बोअरिंग चालत नाही. सिलिंडर, पिस्टन, रिंगा, सगळं नवं मागवलंय. मालक खर्चावरून कुरकुरतायत.

काल त्याचा फोन आला. प्लास्टर निघालंय, ४५० विकून रॅप्टर घ्यायची म्हणतो. किती पडेल, विचारत होता. मी विचारलं, "जाणार कोणाबरोबर?"

"बघू की," म्हणाला.

किंमत मी अजून सांगितलेली नाही.