तोआ पायोतील मोकळे तळमजले

सिंगापूरला येणाऱ्या आपल्याकडच्या पाहुण्यांच्या यादीत तोआ पायोचे नाव नसते, कारण तिथे तिकीट काढून पाहावे असे काही नाही. तरीही सुमारे ७३५ चौरस किलोमीटरच्या या बेटावर साठ लाखांच्या आसपास माणसे नीट कशी राहतात, हे समजून घ्यायचे असेल तर याच नगरात फिरायला हवे. या देशातले जवळपास ८० टक्के रहिवासी सरकारी गृहनिर्माण मंडळाने, म्हणजे एचडीबीने, बांधलेल्या घरांत राहतात, आणि संपूर्णपणे या मंडळाने आखून उभारलेले पहिले नगर म्हणजे तोआ पायो. मी इथे भाड्याच्या घरात राहते आणि माझा रोजचा बाजार, चालणे आणि बसणे-उठणे याच नगरात होते.

एचडीबीची स्थापना १ फेब्रुवारी १९६० रोजी झाली. त्या वेळी शहराच्या मध्यभागी एकेका खोलीत अनेक कुटुंबे दाटीने राहत होती आणि भोवताली लाकूड-पत्र्याच्या घरांच्या वस्त्या पसरल्या होत्या. २५ मे १९६१ रोजी बुकित हो स्वी येथील वस्तीला आग लागली आणि सुमारे १६,००० लोक बेघर झाले. त्यानंतर घरबांधणीला जो वेग आला, त्या लाटेतच तोआ पायो घडले. इथे पूर्वी दलदल, भाजीचे मळे आणि झोपड्या होत्या. तिथल्या लोकांनी जागा सोडायला विरोध केला होता आणि काम त्यामुळे लांबले होते, हेही सांगायला हवे. या नगराची सुबकता ज्यांच्या विस्थापनावर उभी आहे त्यांचा उल्लेख टाळून त्याचे कौतुक करणे मला योग्य वाटत नाही.

आखणी साधी होती, पण पूर्ण विचारांती केलेली होती. मध्यभागी दुकाने, वाचनालय आणि बसस्थानक; भोवती छोटे छोटे विभाग; प्रत्येक विभागाला स्वतःची मंडई, खाद्यपदार्थांच्या गाळ्यांचे हॉकर सेंटर आणि शाळा. फिलिप्ससारख्या कंपन्यांचे कारखानेही नगरातच आले, त्यामुळे घराजवळच काम मिळण्याची सोय झाली. १९७२ साली राणी एलिझाबेथ सिंगापूरला आल्या तेव्हा त्यांना हे नगर दाखवण्यात आले; इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची, १९ मजली ५३ क्रमांकाची इमारत पाहुण्यांना गच्चीवरून सारे नगर दाखवण्यासाठी प्रसिद्ध होती. १९७३ च्या आग्नेय आशियाई द्वीपकल्पीय क्रीडा स्पर्धांचे खेळाडू नगराच्या मध्यभागातील नव्या इमारतींत उतरले आणि स्पर्धा संपल्यावर तीच घरे सामान्य कुटुंबांना मिळाली. स्पर्धांचे कार्यालय असलेल्या इमारतीत पुढच्याच वर्षी सार्वजनिक वाचनालय सुरू झाले. देशातील मेट्रोचा पहिला टप्पा ७ नोव्हेंबर १९८७ रोजी सुरू झाला, तेव्हा त्याचे एक टोक तोआ पायो हेच होते.

पण मला सर्वात महत्त्वाचे वाटतात ते इमारतींचे तळमजले. १९७० च्या दशकापासून एचडीबीच्या बहुतेक इमारतींचा तळमजला घरांसाठी न वापरता खांबांवर मोकळा सोडण्यात आला. त्याला इथे ‘व्हॉइड डेक’ म्हणतात. मुंबईत स्टिल्टची जागा बघता बघता गाड्यांनी भरून जाते. इथे गाड्यांसाठी वेगळी बहुमजली व्यवस्था असते आणि तळमजला माणसांसाठी राहतो. सकाळी तिथल्या दगडी टेबलांवर वृद्ध मंडळी बुद्धिबळाचा चिनी डाव मांडून बसतात, दुपारी शाळेतून आलेली मुले पाऊस थांबेपर्यंत तिथेच खेळतात. काही ठिकाणी बालवाडी असते, काही ठिकाणी वृद्धांचे केंद्र. नगर परिषदेची परवानगी घेऊन याच जागेत मलय कुटुंबाचे लग्न लागते, शेकडो पाहुणे जेवतात. आणि दुसऱ्या एखाद्या आठवड्यात त्याच खांबांमध्ये चिनी कुटुंब आपल्या माणसाचे पार्थिव ठेवून काही दिवस अंत्यविधी करते. कामावरून परतणारे सगळे शेजारी त्या मांडवाच्या बाजूनेच लिफ्टकडे जातात. एका इमारतीत शंभरावर कुटुंबे राहत असताना कोणाकडे आनंद आहे आणि कोणाकडे दुःख, हे सर्वांना कळते ते या जागेमुळे. आपल्या चाळींमध्ये हे काम सामाईक गॅलरी आणि अंगण करत असे. उंच इमारती बांधताना आपण ते गमावले. इथल्या आखणीकारांनी ते जमिनीच्या पातळीवर राखून ठेवले, आणि त्यासाठी विकता येण्याजोगा एक अख्खा मजला सोडून दिला, याचा मला मनापासून आदर वाटतो.

शेजार मिसळता राहावा यासाठी कायद्याचाही आधार घेतला गेला आहे. १९८९ पासून प्रत्येक इमारतीत आणि विभागात चिनी, मलय आणि भारतीय व इतर अशा समाजांच्या कुटुंबांची कमाल मर्यादा ठरवलेली आहे. ती गाठली गेली की त्या समाजाबाहेरच्या विक्रेत्याला आपले घर त्या समाजातील ग्राहकाला विकता येत नाही. याचा भार अल्पसंख्याकांवर अधिक पडतो, कारण भारतीय किंवा मलय विक्रेत्याला मिळणारे ग्राहक मुळातच थोडे आणि त्यामुळे कधीकधी किंमतही कमी. तरीही माझ्या मजल्यावर तमिळ, मलय आणि चिनी घरांची दारे एकाच गॅलरीत उघडतात, दिवाळीला फराळाची ताटे आणि ईदला केकचे डबे इकडून तिकडे जातात, हे रोज पाहिल्यावर हा नियम नसता तर बरे झाले असते असे मला म्हणवत नाही.

दुसरी शिकण्याजोगी गोष्ट म्हणजे बांधून झाल्यानंतरची काळजी. जुन्या इमारतींत लिफ्ट काही ठरावीक मजल्यांवरच थांबत असे; वृद्धांची संख्या वाढू लागल्यावर २००१ पासून मोठा कार्यक्रम हाती घेऊन ती बहुतेक ठिकाणी प्रत्येक मजल्यावर थांबेल अशी व्यवस्था केली गेली. लोरोंग सहा या इथल्या रस्त्यावरचा १९७९ चा ड्रॅगनच्या आकाराचा खेळाचा चौथरा मात्र पाडला नाही. आजही मुले त्याच्या मानेवर चढतात. म्हाडा आणि सिडकोच्या वसाहतींमध्ये वाढलेल्या माझ्यासारख्यांना ठाऊक आहे की इमारत उभी करण्यापेक्षा तिच्या जिन्यातला दिवा तीस वर्षे लागता ठेवणे कठीण असते. इथे नगर परिषद दरमहा शुल्क घेते आणि तो दिवा लागलेला असतो.

या साऱ्यामागचा खरा प्रश्न अजून पुढे आहे. एचडीबीचे घर विकत घेतले म्हणजे ९९ वर्षांचा भाडेपट्टा मिळतो, जमीन सरकारचीच राहते. तोआ पायोतील सुरुवातीच्या इमारतींचे पट्टे २०६० च्या दशकात संपू लागतील, आणि ज्यांनी आयुष्यभराची बचत त्या घरात घातली त्यांच्या वारसांना काय मिळणार, याची चर्चा हॉकर सेंटरमध्ये कॉफी पिता पिताही ऐकू येते. सत्तरीच्या पुढे गेलेल्या निवडक वसाहतींतील रहिवाशांना मतदान करून घरे मुदतीआधी सरकारला परत देता यावीत, अशी योजना २०१८ मध्ये जाहीर झाली. तिची भरपाई सरकारच्या आधीच्या पुनर्विकास योजनेइतकी उदार नसेल, असे सरकारने तेव्हाच स्पष्ट केले होते. माझ्या इमारतीतील वयस्क शेजाऱ्यांना नव्या उंच मनोऱ्यात जाण्याची भीती नाही. त्यांचा प्रश्न एवढाच आहे की त्यांना याच नगरात, याच मंडईजवळ घर मिळेल का.